वाचक विचारतात : जीपनीच्या बॉनेटवर घोडे कशाला?

प्रश्न : फिलिपिन्समधल्या जीपनीच्या, म्हणजे तिथल्या भाड्याने माणसं नेणाऱ्या लांब जीपगाड्यांच्या फोटोंत बॉनेटवर धातूचे छोटे घोडे दिसतात. त्याला काही अर्थ आहे की नुसती हौस?

अर्थ आहे. जीपनीच्या आधी मनिलात माणसं कालेसातून, म्हणजे घोड्याच्या टांग्यातून जात. दुसऱ्या महायुद्धात शहराची वाहतूक पार कोलमडली आणि युद्ध संपल्यावर अमेरिकी सैन्याच्या जीपा मागे उरल्या. स्थानिक कारागिरांनी त्यांचा मागचा भाग लांबवला, वर छप्पर टाकलं, समोरासमोर दोन लांब बाकं बसवली आणि चढायला मागून वाट ठेवली; तीच जीपनी. १९५३ साली मनिलाजवळच्या लास पिन्यासमध्ये साराओ मोटर्स हा जीपनीचा कारखाना काढणारे लिओनार्डो साराओ आधी कालेसाच हाकत. टांगा गेला तरी घोडा गाडीवर राहिला, तो असा.

प्रश्न : गाडीवर काय रंगवायचं हे कोण ठरवतं? आणि तो रंग टिकतो का?

बाहेरचा रंग मालकाचा, डॅशबोर्ड चालकाचा. बरेच चालक रोज ठरावीक रक्कम मालकाला देऊन गाडी चालवतात. तिला तिथे ‘बाउंडरी’ म्हणतात. त्यामुळे पत्र्यावर मालकाच्या मुलांची नावं, त्याचं गाव, एखादा संत. ‘कातास नांग सौदी’ असं लिहिलेलं दिसलं, तर ती गाडी सौदीतल्या कमाईतून आली असं समजावं. आत डॅशबोर्डवर बाल येशूची, सांतो नीन्योची मूर्ती आणि आरशाला सांपागिताचा गजरा. सांपागिता म्हणजे आपला मोगराच.

टिकण्याचं म्हणाल, तर ते पत्र्यावर आहे. जस्ती पत्रा स्वस्त, पण वेल्डिंग केलं की तिथलं जस्त जळतं आणि गंज नेमका सांध्यापासून धरतो. चाकावरची कमान आणि मागची पायरी आधी जाते. रंगाला फुगवटा आला की आतला पत्रा गेला म्हणून समजा. नुसता वरून हात मारून उपयोग नाही. गंज खरवडून, प्रायमर देऊन मगच रंग लावायचा. स्टेनलेस स्टील सहसा गंजत नाही, पण त्या गुळगुळीत पृष्ठभागावर रंग धरत नाही, पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून स्टीलच्या गाड्यांवर चकाकी तशीच ठेवून स्टिकर लावतात. आमच्या मते हाताने रंगवलेल्या अक्षराची ऐट स्टिकरला येत नाही.

प्रश्न : मनिलात जीपनीने फिरायचं आहे. कंडक्टर नसतो म्हणतात, मग पैसे कुणाला द्यायचे?

काचेवरची पाटी वाचून हात दाखवा. मार्ग गाडीच्या कुशीवरही रंगवलेला असतो. मागून वाकूनच चढा, छप्पर फार खाली असतं. बाक भरलेलं वाटलं तरी लोक सरकतात. मोठ्या गाडीत एका बाजूला नऊ जण बसवतात.

बसल्यावर ‘बायाद पो’ (भाडं घ्या) म्हणत पैसे शेजाऱ्याच्या हातात द्या. किती जण आणि कुठे उतरणार, तेही मोठ्याने सांगा, कारण इंजिनाच्या आवाजात पुटपुटलेलं पुढे पोचत नाही. पैसे हातोहात चालकापर्यंत जातात आणि उरलेले सुटे, म्हणजे ‘सुक्ली’, त्याच वाटेने परत येतात. चालकाच्या पाठीमागची जागा घेतलीत, तर सगळ्या गाडीचे पैसे तुमच्याच हातून जातील. नवख्याने मधली जागा धरावी.

ऑक्टोबर २०२३मध्ये जुन्या जीपनीचं किमान भाडं पहिल्या ४ किलोमीटरला १३ पेसो ठरलं. नाणी किंवा २० पेसो जवळ ठेवा, सकाळी हजाराची नोट काढू नका. ‘बार्या लांग पो सा उमागा’ ही पाटी तेच सांगते : सकाळी सुटेच द्या. विद्यार्थी, ज्येष्ठ आणि अपंगांना २० टक्के सवलत असते. ती पैसे देतानाच मागायची, ओळखपत्र हाताशी ठेवून.

उतरायचं असेल तेव्हा ‘पारा पो!’ म्हणायचं. ‘पारा’ म्हणजे थांबा, स्पॅनिशमधून आलेला शब्द. ‘पो’ आदराचा, तो गाळू नये. थांबायच्या थोडं आधीच म्हणा.

प्रश्न : जीपनी बंद होणार, हे खरं का?

२०१७पासून सरकारने जुन्या गाड्या बदलायचा कार्यक्रम चालवला आहे : कमी धूर सोडणारं ‘युरो ४’ इंजिन किंवा विजेची गाडी, आणि दार मागे नव्हे, तर फुटपाथच्या बाजूला. त्यातलं दार आणि उभं राहता येईल एवढी उंची ही खरी सोय आहे; मागून चढणारा माणूस भर रहदारीत उभा असतो. अडचण पैशाची. नवी गाडी वीस लाख पेसोंच्या वर जाते आणि एकट्या मालकाला परवाना चालवता येत नाही, सहकारी संस्थेत किंवा कंपनीत जावं लागतं. चालकांचे संप झाले ते मुख्यतः यावरून.

सजावटीवरही घाव इथेच बसतो. गाडी संस्थेची झाली की रंग संस्थेचा, नाव संस्थेचं. मुलीचं नाव लिहायला पत्राच उरत नाही. साराओ आणि फ्रान्सिस्को या जुन्या कारखान्यांनी नवे नियम पाळून जुन्याच तोंडवळ्याच्या गाड्या आणल्या आहेत. त्या पुढचं तोंड राखतात. कुशीवर काय लिहायचं, हे मात्र गाडी ज्याची तोच ठरवणार.