टाळेबंदी, कर्जमर्यादा, दिवाळखोरी: अमेरिकेच्या बातम्यांतले तीन शब्द

प्रश्न असा आहे: अमेरिकी सरकारच्या खर्चावरून तिथल्या दोन पक्षांत भांडण पेटलं की मराठीत ‘अमेरिकेत टाळेबंदी’, ‘कर्जमर्यादा वाढवण्यास विरोध’ आणि ‘अमेरिका दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर’ असे मथळे येतात. हे तिन्ही एकाच गोष्टीबद्दल असतात का, आणि शब्द योग्य आहेत का?

एकाच गोष्टीबद्दल नसतात. पहिला मथळा शटडाऊनचा, बाकीचे दोन कर्जमर्यादेचे. भांडणारे पक्ष तेच आणि सभागृहंही तीच, त्यामुळे बातमीत सरमिसळ होते. फरक मात्र साधा आहे. शटडाऊनमध्ये पैसा असतो, पण तो खर्च करण्याची परवानगी नसते. कर्जमर्यादा गाठली की परवानगी असते, किंबहुना खर्च करणं कायद्याने बंधनकारक असतं, पण तिजोरीत पैसा पुरत नाही. गृहनिर्माण सोसायटीत रंगकामाचा ठराव सभेत अडला आणि काम सुरूच झालं नाही, हे शटडाऊन. रंगकाम झालं, कंत्राटदाराचं बिल आलं आणि तीच सभा म्हणाली की बिलासाठी बँकेकडून उचल करायची नाही, हा कर्जमर्यादेचा पेच.

आधी ‘टाळेबंदी’. आपल्याकडे हा शब्द कामगार कायद्यातून रुळला. संप हे कामगारांचं हत्यार, टाळेबंदी मालकाचं. २०२० नंतर त्याला लॉकडाऊनचाही अर्थ चिकटला. शटडाऊन या दोन्हींत बसत नाही. अमेरिकेचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. त्याआधी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, बारा विनियोजन विधेयकं (खात्यांच्या वर्षभराच्या खर्चाला मंजुरी देणारी) मंजूर करायची असतात. ती झाली नाहीत तर जुन्याच दराने काही आठवडे किंवा महिने खर्च चालू ठेवण्याचा तात्पुरता ठराव करतात. तोही अडला तर १८८४ पासून चालत आलेल्या एका कायद्यानुसार सरकारी खात्यांना मंजुरीशिवाय खर्चाची बांधिलकी स्वीकारता येत नाही. गंमत म्हणजे हा कायदा इतका जुना असूनही १९८० पर्यंत कार्यालयं बहुधा उघडीच राहत. १९८० आणि १९८१ मध्ये तेव्हाचे ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी त्याचा कडक अर्थ लावला आणि तिथून आजचा शटडाऊन सुरू झाला.

त्यात सगळं बंद होत नाही. सोशल सिक्युरिटीचं निवृत्तिवेतन आणि मेडिकेअर हा ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा वार्षिक मंजुरीवर अवलंबून नाहीत, ते चालू राहतात. विमानतळावरचे हवाई वाहतूक नियंत्रक, सीमारक्षक, तुरुंगाचे पहारेकरी कामावर येतात, फक्त पगार लांबतो. बाकीच्यांना घरी बसवतात. डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ च्या ३५ दिवसांच्या शटडाऊनमध्ये सुमारे आठ लाख कर्मचारी अडकले होते आणि त्यांतले निम्म्याहून थोडे जास्त विनापगार काम करत होते. तेव्हा बारापैकी पाच विधेयकं आधीच मंजूर झाली असल्यामुळे संरक्षण खात्याला धक्काही लागला नव्हता. याला टाळेबंदी म्हणणं ओढूनताणून होतं. ‘कामबंद’ तर त्याहून चुकीचं, कारण कामबंद आंदोलन कर्मचारीच करतात. माझं मत असं की ‘शटडाऊन’ हाच शब्द ठेवावा, पहिल्या वाक्यात ‘निधीच्या मंजुरीअभावी सरकारी कामकाज ठप्प’ असं सांगावं आणि शक्य तिथे ‘अंशतः’ लिहावं.

घरी बसवलेल्यांच्या रजेला ‘बिनपगारी रजा’ लिहितात, तेही दिशाभूल करणारं. आपल्याकडे बिनपगारी रजेचे पैसे कधीच मिळत नाहीत. अमेरिकेत २०१९ च्या कायद्याने केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना शटडाऊन संपल्यावर मागचा पगार देणं बंधनकारक केलं आहे. म्हणून ‘सक्तीची रजा, पगार नंतर’. कंत्राटी कामगारांना मात्र हे संरक्षण नाही.

मराठी घरांशी याचा थेट संबंध व्हिसाच्या बाजूने येतो आणि तिथेही मथळे चुकतात. शटडाऊन झाला की ‘अमेरिकी व्हिसा बंद’ असं छापून येतं. वकिलातींचं व्हिसाचं काम आणि नागरिकत्व व स्थलांतर सेवेचं बहुतेक काम अर्जदारांच्या शुल्कावर चालतं, ते सहसा थांबत नाही. अडतं ते कामगार खात्यात. एच-१बी या कुशल नोकरदारांच्या व्हिसाच्या अर्जाआधी मालकाने तिथून वेतन आणि कामाच्या अटींचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि ते खातं काँग्रेसच्या मंजुरीवर चालतं. २०१३ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये हे प्रमाणपत्र देणं थांबलं होतं. म्हणजे नवी नोकरी धरणारा किंवा कंपनी बदलणारा अडकतो, ज्याच्या पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का आधीच बसला आहे तो अडकत नाही. हा २०२५ चा शटडाऊन ४३ दिवस चालला आणि तोपर्यंतचा सर्वांत लांब ठरला. वाद आरोग्यविम्याच्या वाढीव अनुदानावरून होता.

आता ‘कर्जमर्यादा’. शब्द चुकीचा नाही, पण मराठी कानाला तो भलतंच सुचवतो. पीककर्जाची किंवा कॅश क्रेडिटची मर्यादा बँक ठरवते, म्हणजे पैसे देणारा ठरवतो, तीही आपली ऐपत पाहून. अमेरिकेत ही मर्यादा कर्ज घेणाराच स्वतःवर घालतो आणि तिचा ऐपतीशी संबंध नाही. शिवाय ती खर्च ठरवण्याच्या आधी लागत नाही, नंतर लागते. कर किती घ्यायचा आणि कुणाला काय द्यायचं याचे कायदे काँग्रेसने आधीच केलेले असतात. त्यांतून जी तूट येते ती भरायला रोखे विकू द्यायचे की नाही, एवढाच प्रश्न उरतो. म्हणून ‘कर्जमर्यादा वाढवून सरकारला नव्या खर्चाची मुभा’ हे वाक्य मुळातच चूक आहे. हीच चूक तिथले राजकारणी जाणूनबुजून करतात. विरोधात असताना मर्यादा वाढवण्याला विरोध म्हणजे उधळपट्टीला विरोध असं सांगता येतं. २००६ मध्ये सिनेटर असलेल्या बराक ओबामांनी ती वाढवण्याच्या विरोधात मत दिलं होतं आणि राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांनाच रिपब्लिकनांकडे ती वाढवून मागावी लागली. २०२३ मध्ये खर्चकपातीशिवाय मर्यादेला हात लावू देणार नाही म्हणणाऱ्या रिपब्लिकनांनी ४ जुलै २०२५ च्या करकायद्यात स्वतःच ती ५ लाख कोटी डॉलरनी वाढवून ४१.१ लाख कोटींवर नेली.

ही मर्यादा मुळात सोयीसाठी आली होती. आधी काँग्रेस रोख्यांच्या एकेका विक्रीला परवानगी देत असे. १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धाच्या खर्चासाठी अर्थखात्याला ठरावीक मर्यादेत मोकळीक दिली आणि १९३९ मध्ये जवळपास सगळ्या कर्जावर मिळून ४५ अब्ज डॉलरची एकच मर्यादा आली. मोकळीक देणारी तरतूद पुढे अडवणुकीची झाली.

क्रियापदांकडे लक्ष द्यायला हवं. जून २०२३ च्या तडजोडीनंतर ‘कर्जमर्यादा वाढवली’ असं छापून आलं, पण ती वाढवली नव्हती, १ जानेवारी २०२५ पर्यंत स्थगित केली होती. स्थगितीत आकडा नसतो. मुदत संपताच तोवर साचलेलं कर्ज हीच नवी मर्यादा होते. तशी ती ३६.१ लाख कोटी डॉलरवर बसली. ‘वाढवली’ म्हटलं की वाचक किती ते शोधतो आणि सापडत नाही.

मर्यादा गाठली त्याच दिवशी काही कोसळत नाही, हेही मथळ्यांत हरवतं. अर्थखातं तेव्हा ‘असाधारण उपाय’ सुरू करतं. नाव भारदस्त आहे, काम हिशेबाचं. मर्यादेत बाहेरच्यांकडून घेतलेल्या कर्जाबरोबर सरकारने आपल्याच फंडांना दिलेले रोखेही मोजतात. म्हणून सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिफंडात नवी गुंतवणूक थांबवायची, त्यांच्या बचत योजनेतल्या ‘जी’ फंडाचे रोखे काही काळ काढून घ्यायचे, आणि तेवढी जागा मोकळी झाली की बाहेर रोखे विकून रोकड उभी करायची. मर्यादा सुटल्यावर फंडांना व्याजासह भरपाई मिळते. हे उपाय आणि रोकड दोन्ही संपतात त्या दिवसाला तिथे ‘एक्स-डेट’ म्हणतात. २०२३ मध्ये अर्थमंत्री जॅनेट येलेन यांनी तो शेवटी ५ जून सांगितला आणि ३ जूनला विधेयकावर सही झाली. हा दिवस आधीपासून नेमका का सांगता येत नाही? कारण एप्रिल आणि जूनच्या करभरण्यात किती रोकड येईल यावर तो सरकतो. मराठीत ‘रोकड संपण्याचा दिवस’ पुरे.

जाता जाता: अमेरिकेच्या ट्रेझरीला ‘कोषागार’ म्हणू नये. आपल्याकडे कोषागार म्हणजे जिल्ह्याचं, बिलं पास करणारं कार्यालय. तिथलं ते खातं म्हणजे आपल्या अर्थ मंत्रालयासारखंच, त्याला अर्थखातंच म्हणावं.

‘दिवाळखोरी’ तर सरळ चूक. दिवाळं काढणं म्हणजे देणी फेडण्याची ऐपत संपल्याचं जाहीर करणं. त्यासाठी न्यायालय आणि कायद्याची प्रक्रिया लागते. अमेरिकेला कर्ज द्यायला लोक तयार असतात, घ्यायला तिचीच संसद अडवते. म्हणून ‘देणी थकणे’ म्हणावं. त्यात रोख्यांचं व्याज येतं तसं निवृत्तिवेतन, सैनिकांचे पगार, रुग्णालयांची बिलंही येतात, आणि यांतलं आधी काय फेडायचं हे कायदा सांगत नाही. देणी अजून थकलेली नाहीत, पण भांडणाचीच किंमत मोजावी लागली. २ ऑगस्ट २०११ ला शेवटच्या क्षणी तोडगा निघाला आणि तीनच दिवसांनी स्टँडर्ड अँड पुअर्स या पतमानांकन संस्थेने अमेरिकेचं सर्वोच्च पतमानांकन एका पायरीने खाली आणलं. १ ऑगस्ट २०२३ ला फिच या दुसऱ्या संस्थेने तेच केलं आणि कारणांत या वारंवारच्या मर्यादेच्या भांडणांचं नाव घेतलं. पतमानांकन घटणं आणि देणी थकणं यांत अंतर आहे, तेही बातमीत राखावं.

आपल्याकडच्या शब्दांची उसनवारी जपून करावी. तात्पुरत्या खर्चठरावाला ‘लेखानुदान’ म्हणायचा मोह होतो. लेखानुदान संविधानाच्या अनुच्छेद ११६ खाली येतं. पूर्ण मंजुरीची प्रक्रिया संपेपर्यंत काही महिन्यांचा आगाऊ खर्च सभागृह मंजूर करतं. सरकारकडे बहुमत असल्यामुळे ते अडत नाही, आणि अनुदानाच्या मागणीवर सरकार हरलं तर सरकारच जातं, कार्यालयं बंद पडत नाहीत. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृह दुसऱ्याचं असू शकतं, शिवाय सिनेटमध्ये बहुतेक विधेयकांना १०० पैकी ६० मतं जमवावी लागतात. तिथे हरणारं सरकार पायउतार होत नाही, म्हणून पेच लांबतो.

‘कर्जमर्यादा’ मात्र आपल्याही संविधानात आहे. अनुच्छेद २९२ नुसार संसदेने कायद्याने मर्यादा घातलीच तर केंद्राने तिच्या आत कर्ज घ्यावं. तशी आकड्यांची अमेरिकी मर्यादा संसदेने घातलेली नाही. २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्यात तुटीची आणि कर्जाची उद्दिष्टं आहेत, ती चुकली तर सरकारचा धनादेश परत येत नाही. राज्यांचं वेगळं. अनुच्छेद २९३ प्रमाणे केंद्राचं कर्ज डोक्यावर असलेल्या राज्याला नव्या कर्जासाठी केंद्राची संमती लागते आणि केंद्र दरवर्षी निव्वळ कर्जमर्यादा ठरवून देतं. केरळने यावरून केंद्राविरुद्ध दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२४ ला अंतरिम दिलासा नाकारून प्रकरण घटनापीठाकडे पाठवलं. तेव्हा दिल्लीत भाजप आणि तिरुवनंतपुरममध्ये डावे सत्तेत होते, त्यामुळे पक्षीय धार इथेही होती. पण इथे मर्यादा घालणारा वेगळा आणि कर्ज घेणारा वेगळा, म्हणजे मराठी कानाला जी कर्जमर्यादा ओळखीची आहे तीच.

शेवटी आकडे, कारण सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. एक बिलियन म्हणजे एक अब्ज, शंभर कोटी. एक ट्रिलियन म्हणजे हजार अब्ज, एक लाख कोटी. ट्रिलियनला ‘खर्व’ लिहू नये: मराठी गणनेत खर्व म्हणजे दहा अब्ज, हिंदीतला खरब म्हणजे शंभर अब्ज, आणि दोन्ही ट्रिलियनच्या खालीच राहतात. ‘३६.१ लाख कोटी डॉलर’ लिहिलं तर रुपयांत करायला फक्त त्या दिवसाच्या विनिमय दराने गुणायचं.