आधी फोन, मग गोळी

परवा फाइल पुढे धरून तू विचारलंस, "काकू, सीबीसी नॉर्मल, स्कॅन स्वच्छ, मग तीन महिन्यांत दोनदा सायनस कसा?" दारात रिक्षा उभी होती, नीट सांगता आलं नाही. म्हणून हे पत्र.

सीबीसीत रक्तातल्या पेशी मोजतात, जंतूंशी लढणाऱ्या अँटिबॉडी नाही. त्यासाठी आयजीजी, म्हणजे रक्तातली मुख्य अँटिबॉडी, वेगळी तपासावी लागते, ती करायची का ते विचार. तुझ्या लिम्फोमाला, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरला, रिटुक्सिमॅब हे औषध दिलं होतं. ते कॅन्सरच्या बी-पेशींबरोबर (बी-पेशी हा पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) चांगल्या बी-पेशीही मारतं, आणि अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी त्यांच्यातूनच तयार होतात. त्या परतायला सहा महिने ते वर्ष, कधी जास्तच लागतं. काहींची आयजीजी वर्षानुवर्षं कमीच राहते. तोवर घेतलेली लस नीट अंगी लागत नाही. कोणती केव्हा घ्यायची ते डॉक्टरांकडून लिहून घे. जिवंत विषाणूची लस त्यांना विचारल्याशिवाय मुळीच नाही. घरच्यांना मात्र दरवर्षी फ्लूची लस घ्यायला लाव.

हे सगळं विसरलास तरी एक विसरू नकोस. ताप १००.४ दिसला की आधी फोन, मग गोळी.

प्रतिकारशक्ती माझीही कमीच. भाचीच्या लग्नाच्या सकाळी मला १०१ होता. कुणाला न सांगता पॅरासिटामॉल घेतली, पैठणी नेसले, दोन पंगती वाढल्या. घाम येऊन ताप उतरला, मला वाटलं जिंकले. आत न्यूमोनिया वाढत होता. तिसऱ्या दिवशी आयसीयू. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "फोन का नाही केलात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

तेव्हापासून कुणी खोकत असेल तर मी बारशालाही जात नाही. "फार जपते स्वतःला" म्हणतात. म्हणोत! २०२५च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसची, म्हणजे नसांवर हल्ला करणाऱ्या आजाराची, साथ आली, दूषित पाण्यावर संशय आला आणि अख्खा सिंहगड रोड पाणी उकळायला लागला. माझं पातेलं त्याआधी चार वर्षं रोज गॅसवर चढत होतं. मी उगाच करत नव्हते रे.

ढोलपथकाचं मला विचारू नकोस, तुझ्या डॉक्टरांना विचार. वाजवावंसं वाटतंय, हे ऐकून मला बरं वाटलं. पण सरावाच्या दिवशी कणकण आली आणि "आज एक गोळी घेतो, उद्या बघू" असं मनात आलं, तर माझी पैठणी आठव. आधी फोन!

डिजिटल थर्मामीटर घेतलास का? वॉर्डचा रात्रीचा नंबर आईच्या मोबाइलमध्येही घालून ठेव. लागला नाही तर मला कर, मी रिक्षा घेऊन येते.

तुझी काकू