वाचक विचारतात : एनव्हिडियाचा ड्रायव्हर घ्यायचा कुठून?

(या वेळची सगळी पत्रं लिनक्स आणि ग्राफिक्स कार्डाबद्दलची आहेत. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करा. जोडरेघा आणि मोकळ्या जागा छापल्या तशाच ठेवा.)

प्रश्न : मुलगी ॲनिमेशन शिकते. घरच्या डेस्कटॉपवर उबुंटू २४.०४ आहे, कार्ड जीटीएक्स १६५०. ब्लेंडरमध्ये रेंडरसाठी कार्ड दिसतच नाही. एनव्हिडियाच्या साइटवरून ‘डॉट रन’ फाइल उतरवून ठेवली आहे. ती कशी चालवायची? — कोथरूड

चालवू नका. डिलीट करा.

तुमच्या मशीनवर सध्या नूवो हा मुक्त ड्रायव्हर चालू असणार. तो कर्नलसोबतच (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) येतो आणि स्क्रीनवर चित्र आणण्याचं काम करतो. पण ब्लेंडरच्या सायकल्स इंजिनाला एनव्हिडियाच्या कार्डावर कूडा किंवा ऑप्टिक्स (कार्डाकडून गणितं करून घेणाऱ्या एनव्हिडियाच्या यंत्रणा) लागतं, आणि ते कंपनीच्या ड्रायव्हरसोबतच मिळतं. म्हणजे ड्रायव्हर बदलायला हवा हे तुमचं निदान बरोबर आहे. चुकलं ते दुकान.

विंडोजवर कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घेणं हीच रीत असते. लिनक्समध्ये ड्रायव्हरचा एक भाग, म्हणजे कर्नल मॉड्यूल, नेमक्या त्या कर्नलसाठीच बांधलेला लागतो. उबुंटू दर काही आठवड्यांनी कर्नल बदलते. ‘डॉट रन’ फाइलने बसवलेल्या वस्तूंची उबुंटूच्या पॅकेज यंत्रणेला खबरच नसते. त्यामुळे आज सगळं छान चालतं आणि पुढच्या अपडेटनंतर सकाळी काळी स्क्रीन समोर येते. शिवाय नूवो चालू असताना, किंवा डेस्कटॉप उघडा असताना, ती फाइल मुळात पुढेच सरकत नाही. मग लोक नूवो बंद करायला जातात, इन्स्टॉलेशन अर्धवट राहतं, आणि जुना ड्रायव्हरही गेलेला असतो.

करायचं ते एवढंच. आधी सगळे अपडेट घ्या आणि मशीन रीस्टार्ट करा. ही पायरी गाळू नका, कारण नवं कर्नल डिस्कवर आणि जुनं मेमरीत अशा अवस्थेत ड्रायव्हर बसवला तर गोंधळ होतो. मग ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’ उघडा आणि ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ टॅबवर जा. टर्मिनल आवडत असेल तर ‘उबुंटू-ड्रायव्हर्स डिव्हाइसेस’ ही कमांड द्या. ज्या ओळीपुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलेलं असेल तो तुमचा ड्रायव्हर. तो ‘सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल’ एवढ्याने बसतो. यादीतले ‘सर्व्हर’ शेपटीचे ड्रायव्हर डेटा सेंटरसाठी असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. ‘ओपन’ शेपटीचे ट्युरिंग (एनव्हिडियाच्या चिपच्या एका पिढीचं नाव) पिढीपासून पुढे चालतात. तुमचं १६५० ट्युरिंगच आहे, त्यामुळे ‘ओपन’ आणि बिनशेपटीचा, दोन्हीपैकी कुठलाही चालेल.

रीस्टार्टनंतर ‘एनव्हिडिया-एसएमआय’ द्या. चौकटीत कार्डाचं नाव, तापमान आणि मेमरी दिसली की काम झालं. त्याच चौकटीत वर उजवीकडे कूडाची आवृत्ती दिसते. ती फक्त ‘हा ड्रायव्हर कुठपर्यंतची कूडा चालवू शकतो’ हे सांगते. कूडा टूलकिट बसलेलं आहे असा तिचा अर्थ नाही. ब्लेंडरला ते टूलकिट वेगळं लागतही नाही.

आता ब्लेंडरमध्ये ‘एडिट’, ‘प्रेफरन्सेस’, ‘सिस्टिम’ असं जाऊन कूडा निवडा आणि कार्डाच्या नावापुढे खूण करा. नंतर रेंडर प्रॉपर्टीजमध्ये ‘डिव्हाइस’ बदलून ‘जीपीयू कॉम्प्युट’ करा. ही दुसरी खूण बरेच जण विसरतात आणि ड्रायव्हरला दोष देतात. १६५० वर मेमरी ४ जीबी आहे. जड टेक्स्चरचा सीन त्यात मावला नाही तर रेंडर मंदावेल किंवा मेमरी संपल्याचं सांगून थांबेल. तो ड्रायव्हरचा बिघाड नव्हे.

फाइल आधीच चालवून झाली असेल तर प्रथम ‘सुडो एनव्हिडिया-अनइन्स्टॉल’ द्या, मगच वरचे सोपस्कार करा.

प्रश्न : लिनक्स मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर टाकला. मध्येच त्याने पासवर्ड ठरवायला सांगितला, तो दिला. रीस्टार्ट केल्यावर निळी स्क्रीन आली, घाबरून पॉवर बटण दाबलं. आता ‘एनव्हिडिया-एसएमआय’ म्हणते, ड्रायव्हरशी संपर्क होत नाही. — सिंहगड रस्ता

ती निळी स्क्रीन विंडोजवाली नव्हती. तिथे तुमची सही हवी होती.

मदरबोर्डवर सिक्युअर बूट चालू असलं की सही नसलेलं कर्नल मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. उबुंटूच्या तयार मॉड्यूलवर कॅनॉनिकल कंपनीची सही असते, तिथे हा प्रश्न येत नाही. पण मॉड्यूल तुमच्याच मशीनवर डीकेएमएसने (प्रत्येक कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप बांधणारी यंत्रणा) बांधलं गेलं तर त्यावर तुमच्या मशीनची सही होते. ही सही करणारी किल्ली मदरबोर्डने ओळखावी म्हणून एकदा तिची नोंद करावी लागते. त्या नोंदीसाठीच ती निळी स्क्रीन होती.

खात्री करून घ्या. ‘मोकयुटिल --एसबी-स्टेट’ दिल्यावर सिक्युअर बूट ‘एनेबल्ड’ दिसेल. ‘सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया’ दिल्यावर ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं उत्तर आलं तर निदान पक्कं.

मग ‘सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --एनरोल-की’ द्या. ‘सिक्युअरबूट’ टाइप करताना मध्ये जागा सोडू नका. पासवर्ड ८ ते १६ अक्षरांचा ठेवा, आणि शक्यतो फक्त आकडे. त्या निळ्या स्क्रीनवर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो आणि टाइप केलेलं दिसत नाही, त्यामुळे चिन्हं घोटाळा करतात. हा पासवर्ड एकदाच लागतो, डायरीत लिहून ठेवायची गरज नाही. रीस्टार्ट करा आणि स्क्रीनसमोरून हलू नका. कुठलीही कळ दाबण्यासाठी साधारण १० सेकंदच मिळतात. चहा ठेवायला गेलात तर ती संधी हुकते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. ‘एनरोल मॉक’ (मॉक म्हणजे तीच किल्ली), ‘कंटिन्यू’, ‘येस’, पासवर्ड, ‘रीबूट’ असा क्रम आहे.

बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद केलं तरी ड्रायव्हर चालू होतो, आणि बहुतेक सल्लागार तेच सांगतात. घरच्या मशीनवर त्याने आभाळ कोसळत नाही. पण त्याच मशीनवर विंडोज असेल आणि त्याची डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाने बंद असेल, तर पुढच्या वेळी विंडोज रिकव्हरी की मागत बसतं. पाच मिनिटं देऊन किल्ली नोंदवा. बायोस अपडेट किंवा रीसेट केल्यावर कधी कधी ही नोंद पुसली जाते, तेव्हा हीच कृती पुन्हा.

प्रश्न : जुन्या असेंबल्ड पीसीत जीटी ७३० आहे, मिंट २२ टाकलं आहे. मित्राच्या त्याच कार्डावर ४७० नंबरचा ड्रायव्हर चालतो, माझ्याकडे ड्रायव्हर मॅनेजर काहीच दाखवत नाही. कार्ड डुप्लिकेट आहे का? — नारायण पेठ

कार्ड अस्सलच असेल. एनव्हिडियाने जीटी ७३० या एकाच नावाखाली दोन वेगळ्या पिढ्यांच्या चिप विकल्या. एक फर्मी पिढीची, ९६ कोअरची. दुसरी केप्लर पिढीची, ३८४ कोअरची. खोक्यावरच्या नावावरून फरक कळत नाही.

‘एलएसपीसीआय’ कमांड द्या आणि ‘व्हीजीए’ लिहिलेली ओळ शोधा. चौकटी कंसात कार्डाचं बाजारातलं नाव असतं, त्याच्या आधी चिपचं खरं नाव. ‘जीएफ१०८’ म्हणजे फर्मी, ‘जीके२०८’ म्हणजे केप्लर. मित्राकडे जीके असणार, तुमच्याकडे जीएफ.

ही अक्षरं प्रत्येकाने आपल्या कार्डाची बघून ठेवावीत, कारण कुठला ड्रायव्हर चालेल हे त्यावरच ठरतं. जीएफ असेल तर ३९० ही शेवटची मालिका. जीके असेल तर ४७०. जीएम आणि जीपी, म्हणजे मॅक्सवेल आणि पास्कल (जीटीएक्स ९०० आणि १००० ची कार्डं), यांच्यासाठी ५८० ही शेवटची. टीयू म्हणजे ट्युरिंग; तिथून पुढच्या पिढ्यांना चालू मालिका मिळतात. आरटीएक्स ५० च्या कार्डांना तर ‘ओपन’ प्रकारचंच मॉड्यूल लागतं. याउलट जीटीएक्स १०६० वर चुकून ‘ओपन’ टाकलं तर ड्रायव्हर बसतो, पण ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ‘नो डिव्हाइसेस वेअर फाउंड’ म्हणते. तिथे कार्ड जळालं समजून दुकानात धावू नका.

तुमच्या फर्मीसाठी ३९० च्या मागे लागण्यात अर्थ नाही. कंपनीने ती मालिका सोडून दिली आहे आणि नव्या कर्नलवर ती बांधली जात नाही. नूवोवरच राहा. ब्राउझर, लेखन, साधे व्हिडिओ यांना तो पुरतो. खेळ किंवा रेंडर हवं असेल तर पैसे कार्डावर घाला, वेळ ड्रायव्हरवर नको.

तुमच्या मित्रासाठी एक सूचना : ४७० ला नवीन कर्नल झेपेलच असं नाही. मिंट २२ सोबत आलेलं ६.८ मालिकेचं कर्नल चालतंय तोवर तेच ठेवावं. अपडेट मॅनेजरमध्ये ‘व्ह्यू’, ‘लिनक्स कर्नल्स’ इथे ते बघता येतं.

प्रश्न : लॅपटॉपमध्ये इंटेल आणि एनव्हिडिया दोन्ही आहेत. उबुंटूवर ड्रायव्हर टाकल्यापासून बॅटरी झपाट्याने उतरते. ‘प्राइम-सिलेक्ट इंटेल’ केलं तर बॅटरी टिकते, पण ऑफिसचा मॉनिटर एचडीएमआयवर दिसत नाही. — हिंजवडी

पुष्कळ लॅपटॉपमध्ये एचडीएमआयची तार थेट एनव्हिडियाच्या चिपला जोडलेली असते. ती चिप बंद केली की पोर्टही मुका होतो. हे सॉफ्टवेअरने सुटत नाही.

मधला मार्ग ‘सुडो प्राइम-सिलेक्ट ऑन-डिमांड’. यात डेस्कटॉप इंटेलवर चालतो आणि लागेल तेव्हा एनव्हिडिया जागी होते. बदलानंतर रीस्टार्ट करा. जड प्रोग्रॅम एनव्हिडियावर हवा असेल तर त्याच्या आयकॉनवर उजवी क्लिक करून ‘डिस्क्रीट ग्राफिक्स कार्ड’वर सुरू करायचा पर्याय घ्या. ट्युरिंग किंवा पुढची चिप असेल तर काम नसताना ती जवळजवळ पूर्ण झोपते. पास्कलची चिप तशी झोपत नाही, तिच्याकडून बॅटरीची अपेक्षा ठेवू नका. मॉनिटर जोडलेला असेल तोवर चिप जागीच राहणार, पण ऑफिसात चार्जर असतोच.

एक गंमत : कार्ड झोपलं आहे का हे बघायला ‘एनव्हिडिया-एसएमआय’ चालवली की कार्ड जागं होतं. पॅनेलवर तापमान दाखवणारं विजेट लावलं असेल तर बॅटरी खाणारा चोर बहुधा तोच.

प्रश्न : फेडोरावर प्रत्येक कर्नल अपडेटनंतर एकदा तरी ड्रायव्हर जातो. पुन्हा रीस्टार्ट केलं की कधी येतो, कधी नाही. — धनकवडी

घाई हे कारण. आरपीएम फ्यूजनचं (फेडोरासाठीच्या जादा पॅकेजांचं भांडार) ‘एकेमॉड-एनव्हिडिया’ पॅकेज अपडेट संपल्यावर पडद्यामागे मॉड्यूल बांधत असतं. त्याला ५ मिनिटं लागू शकतात, जुन्या प्रोसेसरवर जास्त. अपडेट झालं की लगेच रीस्टार्ट न करता थोडं थांबा. ड्रायव्हर पहिल्यांदा टाकतानाही हेच. तेव्हा ‘मॉडइन्फो -एफ व्हर्जन एनव्हिडिया’ ही कमांड (इथला ‘एफ’ मोठा) आकडा दाखवेपर्यंत रीस्टार्ट करू नका.

मशीन अडकलंच तर ग्रबच्या (सुरुवातीला कर्नल निवडायचा मेनू) यादीत नव्या कर्नलवर ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जागा सोडून ३ हा आकडा लिहा आणि कंट्रोल-एक्स दाबा. अक्षरी लॉगिन येईल. तिथे ‘सुडो एकेमॉड्स --फोर्स’ द्या, ते संपल्यावर रीस्टार्ट करा. तरीही बांधणी फसत असेल तर त्याच नंबरचं ‘कर्नल-डेव्हेल’ पॅकेज आहे का बघा. ते मागे राहणं हे नेहमीचं कारण.

प्रश्न : गुरुवारी अपडेट चालू असताना लाइट गेली. उबुंटू सुरू होते, पण डेस्कटॉप येत नाही. — विमाननगर

कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा, लॉगिन करा आणि ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ द्या. नंतर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल -एफ’ (इथला ‘एफ’ छोटा). बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. नाही भागलं तर ‘डीएफ -एच’ने ‘बूट’ पार्टिशनवर किती जागा उरली आहे ते बघा. एनव्हिडियाची फर्मवेअर धरून बूटची प्रतिमा (मशीन सुरू होताना मेमरीत चढणारी फाइल) मोठी होते, आणि वेगळं छोटं बूट पार्टिशन असलेल्यांचं ते भरून जातं. ‘सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ने जुनी कर्नल काढा. शेवटचा उपाय म्हणून ‘सुडो ॲप्ट पर्ज '^एनव्हिडिया-.*'’ (अवतरण चिन्हांसकट), रीस्टार्ट, आणि पहिल्या उत्तरातली रीत पुन्हा.

आणि गुरुवार हा पुण्यात दुरुस्तीसाठी लाइट जाण्याचा वार, त्या दिवशी यूपीएसशिवाय अपडेट लावू नये.

प्रश्न : डेस्कटॉप नीट चालतो, पण ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ‘ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच’ म्हणते. — सातारा रस्ता

पार्श्वभूमीला ड्रायव्हर अपडेट झाला आहे आणि मेमरीत जुनंच मॉड्यूल आहे. रीस्टार्ट करा.

प्रश्न : एएमडीचं रेडिऑन कार्ड घेतलं. त्याचा लिनक्स ड्रायव्हर कुठून उतरवू? — बिबवेवाडी

कुठूनच नाही. तो कर्नलमध्ये आहे, वरचा भाग मेसा या ग्राफिक्स लायब्ररीत आहे, दोन्ही तुमच्या डिस्ट्रोसोबत (उबुंटू, मिंट, फेडोरा, जे असेल ते) आलेले आहेत. ब्लेंडरमध्ये रेडिऑनवर रेंडर करायचं असेल तर ‘हिप’ आणि आरओसीएम (एएमडीचं कूडासारखं साधन) लागतं. तेवढ्यासाठी आपलं कार्ड त्या यादीत आहे का हे आधी बघा. यादी आखूड आहे.