सही नंतर, आधी कागद बघा

प्रश्न : बाबासाहेबांच्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'ची पहिली आवृत्ती, तीही सहीची, एक विक्रेता देतोय. घेऊ का?

सहीकडे नंतर वळू, आधी पुस्तक शेवटाकडून उघडा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने सभाच रद्द केली, तेव्हा बाबासाहेबांनी ते न झालेलं भाषण मे १९३६ मध्ये स्वखर्चाने छापलं. प्रती १५००. गांधीजींनी 'हरिजन'मधून त्यावर लिहिलं ते जुलैत. ती टीका आणि बाबासाहेबांचं उत्तर १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत आलं. मागे गांधीजी दिसले की पहिलेपणाचा दावा तिथेच संपला.

आता सही. भिंगाखाली बारीक ठिपके दिसले तर ती छापील. टाकाची शाई कागदात किंचित पसरते, वळणावर दाट होते. बॉलपेन बाजारात आलं १९४० च्या दशकात, तेव्हा १९३६ ची तारीख घातलेली बॉलपेनची सही बघून मुकाट्याने निघा. मी स्वतः एकदा रबरी शिक्क्याला सही समजून पैसे मोजलेत. नुसत्या सहीपेक्षा 'अमक्यास सप्रेम' असा मजकूर असलेली प्रत मला जास्त आवडते. प्रत कुणाच्या घरून आली, ते शोधता येतं.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत साने गुरुजींचं पत्र निघालं. अमेरिकेतल्या मुलाला पाठवू?

पाठवू नका. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाचं ७५ वर्षांचं हस्तलिखित पुरावशेष ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. गुरुजी गेले ११ जून १९५० ला, म्हणजे त्यांच्या हातचं पत्र न् पत्र या वयाचं झालंय. मुलाला स्कॅन पाठवा. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका! घडीवर चिरलं असेल तरी सेलोटेप नको, त्याचा डिंक पिवळा पडून अक्षरंच खातो.

प्रश्न : 'गीतारहस्य'वर शके १८३७ आहे. म्हणजे कोणतं साल?

७८ मिळवा : १९१५, पहिल्या आवृत्तीचं साल. (जानेवारी ते पाडवा असेल तर ७९.) जाता जाता, टिळकांनी मंडालेत हा ग्रंथ शिसपेन्सिलीने लिहिला. शाईतलं 'मूळ पान' कुणी आणलं, तर चहा पाजून परत पाठवा.