एमआरआय काढला तर कळेल का?

"मेंदूच वेगळा असेल, तर आम्ही शिकवून उपयोग काय?" साडेतीन वर्षांच्या मुलाच्या आईचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलाला ऑटिझम असल्याचं निदान झालेलं. टाटा करत नाही, टाळ्या वाजवत नाही, कुणाची नक्कल करत नाही. त्यात वडिलांनी वाचलं की नकलेशी संबंधित मेंदूचा भाग अशा व्यक्तींमध्ये पातळ असतो. त्यांना एमआरआय हवा होता.

वाचलेलं खोटं नव्हतं. इटलीतल्या पार्मा इथे मेंदूचे अभ्यासक रिझोलाटी आणि सहकाऱ्यांना माकडांच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या, ज्या माकड स्वतः वस्तू उचलत असताना चेततात आणि दुसऱ्याला उचलताना पाहूनही. माणसातल्या तशा भागांचं बाह्यावरण, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, ऑटिझम असलेल्या काही प्रौढांमध्ये पातळ असल्याचं २००६ साली एका अभ्यासात दिसलं. पण ती गटाची सरासरी, तीही मोठ्या माणसांची. पुढच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे आले नाहीत. एमआरआय पाहून ऑटिझमचं निदान होत नाही, आणि मूल काय शिकेल हे तर त्यात मुळीच दिसत नाही. फिट येत असतील किंवा डॉक्टरांना दुसरी शंका असेल, तर गोष्ट वेगळी.

मला महत्त्वाचं वाटलं ते दुसरंच. टाटा न करणारा हा मुलगा आईने खेळण्याचं बटण दाबून दिवा लावला की लगेच तेच करायचा. अशा बऱ्याच मुलांना हेतू समोर दिसणारी कृती जमते. नुसता हावभाव जड जातो. म्हणजे नक्कल सरसकट बंद नव्हती.

तो जमिनीवर डब्याचं झाकण फिरवत बसला होता. आईला म्हटलं, "त्याला काही सांगू नका. दुसरं झाकण घ्या आणि तो करेल तसंच करा." त्याने फिरवलं, तिने फिरवलं. तो थांबला. तिच्या झाकणाकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. पुन्हा फिरवलं, आणि ती काय करते याची वाट पाहत राहिला.

आपली नक्कल होतेय हे कळलं की ही मुलं समोरच्याकडे जास्त बघतात, हे संशोधनातही दिसलंय. एमआरआयचा विषय तिथेच मिटला. स्पीच थेरपी सुरूच ठेवायला सांगितली, आणि घरी रोज थोडा वेळ हाच खेळ: आधी त्याच्यासारखं करायचं, त्याने पाहिलं की मधेच एखादी नवी, सोपी कृती दाखवायची. हात धरून करून घ्यायचं नाही. काही आठवड्यांनी त्याने आईचं पाहून झाकणावर टकटक केली. टाटा अजून करत नाही.