शेवटच्या कडव्यापर्यंत

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

परवा गिटार भिंतीला टेकवून तू विचारलंस, "काकू, मी फोक गाऊ की रॉक? आणि इंदूरच्या मुलीनं अमेरिकेतल्या केंटकीतलं गाणं का गावं?" तेव्हा तुझ्या पोह्यांवर जिरावण भुरभुरत मी विषय बदलला. रात्री झोप लागेना, म्हणून लिहायला बसले.

तुझा घोळ वेगळाच आहे. तुला चाळीस गाणी येतात, पण प्रत्येकाचं एकच कडवं. गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत म्हण, मग विचार ते कुणाचं.

'हाउस ऑफ द रायझिंग सन' घे. तू त्याला ॲनिमल्स या रॉक बँडचं म्हणतेस. १९६४ साली गाजवलं त्यांनीच. पण बॉब डिलनच्या १९६२च्या पहिल्या तबकडीवर ते आहे. आणि १९३७ साली लोकगीतं गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्सनं केंटकीतल्या मिडल्सबरो गावी ते जॉर्जिया टर्नरच्या आवाजात मुद्रित केलं होतं. खाणकामगाराची लेक, वय सोळा. तिच्या तोंडी ते आयुष्य नासलेल्या मुलीचं गाणं आहे. माझ्या धाकट्या बहिणीला सांगा, माझ्यासारखं वागू नकोस, असं ती पुढच्या एका कडव्यात विनवते. ॲनिमल्सनी त्या मुलीचा मुलगा केला. आता सांग, हे फोक की रॉक? तू त्या बहिणीपर्यंत पोचलीच नाहीस, तर तुला कसं कळणार?

'ब्लोइंग इन द विंड'चंही तेच. तीन कडवी, प्रत्येकात तीन प्रश्न. तू पहिले तीन विचारून गिटार खाली ठेवतेस. उरलेले सहा कुणी विचारायचे? आणि नकलेची भीती बाळगू नकोस. ती चाल डिलननं 'नो मोअर ऑक्शन ब्लॉक' या गुलामांच्या गाण्यावरून घेतली होती. पण घेण्याआधी ते पुरतं ऐकलं होतं त्यानं.

मी एवढी हट्टाला का पेटते, ते आजवर कुणाला सांगितलं नाही.

१९८१ साली मी एकोणीस वर्षांची होते. रामबागेतल्या आमच्या घरी आत्या संजाची गाणी म्हणायची. श्राद्धपक्षात भिंतीवर शेणानं संजादेवीची आकृती घालून, तिला गुलबक्षीच्या पाकळ्या लावत, माळवी बोलीत. धाकट्या भावानं एका संध्याकाळी तिचं गाणं टेप केलं. कॅसेटच्या कडेला दोन इवल्या पट्ट्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा टेप होत नाही. त्या कुणी मोडल्या नव्हत्या. मला 'रायझिंग सन' टेप करायचं होतं. गिटारवर एफ कॉर्ड काही केल्या वाजेना, म्हणून मी परत परत पहिलंच कडवं भरत गेले. सगळी बाजू भरली. आत्या पुढच्या वर्षी गेली.

मला तिच्या गाण्याची दोन कडवी येतात. तिसरं होतं, एवढं नक्की आठवतं.

कोरी कॅसेट तेव्हा आमच्या घरात चैन होती. आणि घरातल्या बायकांचं गाणं जपून ठेवायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. इंग्रजी गाण्यांना मात्र मी दोष देणार नाही. कडव्यात माणूस राहतो हे मला त्यांनीच शिकवलं. उशिरा, पण शिकवलं. त्यानंतरच मला आपल्या शेजारच्या देवास गावाचं मोल कळलं. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयानं आजारी होऊन तिथे आले. गाणं बंद होतं, तेव्हा आसपासच्या बायकांची माळवी गाणी कान देऊन ऐकत राहिले. अंथरुणातून! आणि तू धडधाकट असून अर्ध्या मिनिटात गाणं बदलतेस. राग येतो मला, खरंच येतो.

तुझा गळा चांगला आहे. तुझ्या त्या चाळीसांतली दोन ठेव. कागद न घेता, शेवटच्या कडव्यापर्यंत. महिना लागू दे, मी आहे.

आणि तुझ्या आजीचं माहेर उज्जैनचं. तिला संजाची गाणी येत असणार. आज संध्याकाळीच तिच्याजवळ बस, फोन सुरू करून मांडीवर ठेव. दोन कडव्यांनंतर ती म्हणेल, पुरे आता. तेव्हा फोन बंद करू नकोस. "पुढे?" एवढंच विचार.

तुझी,
काकू