नागपूरच्या उन्हाळ्यात एकही फॅन नसलेला ताकदवान डेस्कटॉप चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात घरच्याच खोलीत ऑडिओबुकचं रेकॉर्डिंग करता, त्याच मशीनवर व्हिडिओ रेंडर करता (म्हणजे संपादन झालेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवता), माइकमध्ये फॅनची घरघर येते, म्हणून आता १६ कोअरचा प्रोसेसर घेऊन एकही फॅन नसलेलं मशीन बांधायचं आहे. जमेल का?

जमेल. पण तो प्रोसेसर पूर्ण ताकदीने चालणार नाही, आणि मे महिन्यात तर नाहीच. मीही घरूनच आवाजाचं काम करतो, त्यामुळे ती घरघर किती छळते ते मला चांगलं ठाऊक आहे. तरीही कॅबिनेट निवडण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. माइक चालू असतो तेव्हा प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला असतो. रेंडरिंग चालू असतं तेव्हा माइक बंद असतो. शांतता आणि ताकद या दोन्हींची गरज तुम्हाला एकाच वेळी पडतच नाही.

आधी फॅन काढल्यावर काय होतं ते पाहू. उष्णता बाहेर जायला दोनच वाटा उरतात: गरम झालेली हवा आपोआप वर सरकते, आणि तापलेला पृष्ठभाग किरणांच्या रूपात उष्णता टाकतो. दोन्ही वाटा अरुंद आहेत. नुसत्या वर सरकणाऱ्या हवेने एका चौरस मीटरमागे, तापमानातल्या दर एका अंशाच्या फरकाला, साधारण पाच वॉट उष्णता जाते. म्हणून फॅनलेस हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता हवेत सोडणारे पात्यांचे धातूचे ठोकळे, अवाढव्य असतात. त्यांच्या पात्यांमधली फटही मोठी ठेवावी लागते. फॅनवाल्या हीटसिंकमध्ये पाती दोनेक मिलिमीटरवर असली तरी चालतं, कारण हवा जबरदस्तीने ढकलली जाते. आपोआप चढणाऱ्या हवेला इतक्या चिंचोळ्या फटीतून वर जाता येत नाही. किरणांचं म्हणाल, तर चकचकीत उघडं ॲल्युमिनियम त्या बाबतीत अगदी निकामी असतं, ॲनोडाइज केलेलं (विजेच्या प्रक्रियेने ऑक्साइडचा थर चढवलेलं) मात्र उत्तम. रंग काळाच हवा असं नाही, ॲनोडायझिंग महत्त्वाचं.

प्रोसेसरची चकती नखाएवढी आणि हीटसिंक विटेएवढा, मग उष्णता इतकी पसरते कशी? हीट पाइपने. तांब्याच्या बंद नळीत थोडंसं पाणी असतं आणि आतली हवा काढलेली असते, त्यामुळे ते कमी तापमानालाच उकळतं. वाफ थंड टोकाकडे जाते, तिथे तिचं पाणी होतं आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र थरातून ते परत गरम टोकाकडे झिरपतं. ना मोटर, ना आवाज. नोक्टुआ या कंपनीने २०२१ मध्ये आणलेला एनएच-पी१ हा फॅनलेस हीटसिंक याचा उत्तम नमुना आहे: सहा हीट पाइप, वजन १ किलो १८० ग्रॅम, पाती जाड आणि लांब लांब. कंपनीने त्यावर तेव्हाचा इंटेल कोअर आय९-११९००के जड चाचणीत चालवून दाखवला, पण कोणत्या वेगाला? ३.६ गिगाहर्ट्‌झ. म्हणजे हा प्रोसेसर ५ गिगाहर्ट्‌झच्या वर जातो म्हणून लोक विकत घेतात, आणि फॅनशिवाय तो जवळपास पायाभूत वेगावर टिकला. मला ही मोठी कामगिरी वाटते, फक्त तिचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा.

दुसरी पद्धत म्हणजे अख्खं कॅबिनेटच हीटसिंक. हीट पाइप प्रोसेसरवरून थेट कॅबिनेटच्या जाड ॲल्युमिनियम भिंतींना जोडतात. स्ट्रीमकॉमचा डीबी४ हा चौकोनी ठोकळा असाच आहे. कल्पना जुनी आहे: झालमनने वीसेक वर्षांपूर्वी टीएनएन ५००ए नावाचं फॅन नसलेलं अवजड कपाट बाजारात आणलं होतं, आणि त्याही आधी, २००० साली, ॲपलचा जी४ क्यूब मधल्या पोकळीतून वर चढणाऱ्या हवेवर चालायचा. तेव्हाचे प्रोसेसर किती कमी वीज खायचे हे विसरू नका. आज कोअर आय९-१३९००के टर्बोमध्ये (वेग आपोआप वाढवतो तेव्हा) २५३ वॉटपर्यंत जातो, रायझन ९ ७९५०एक्स २३० वॉटपर्यंत.

आता नागपूरकडे येऊ, कारण परदेशी परीक्षणांतले आकडे इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. त्या चाचण्या बहुधा विशीतल्या तापमानाच्या खोलीत होतात. फॅन नसलेल्या मशीनमध्ये खोलीचं तापमान जितकं वाढेल, साधारण तितकंच प्रोसेसरचंही वाढतं. समजा तुमच्या हीटसिंकवर दर वॉटला ०.६ अंश चढतात आणि प्रोसेसर ८८ वॉट खातोय. म्हणजे ५३ अंशांची वाढ. डिसेंबरात खोली २२ अंश, प्रोसेसर ७५. झकास. मे महिन्यात दुपारी कूलर बंद केलेली खोली ४२ अंश, प्रोसेसर ९५, आणि रायझन ७००० मालिकेची मर्यादाही ९५च आहे. तिथून पुढे तो स्वतःच वेग कमी करत जातो. शिवाय रेकॉर्डिंगसाठी तुम्ही खोलीतला कूलरही बंद करणार आणि छताचा पंखाही, आणि त्या पंख्याची नुसती झुळूकसुद्धा अशा हीटसिंकची क्षमता जवळपास दुप्पट करू शकते. ज्या वेळी तुम्हाला शांतता हवी, नेमक्या त्याच वेळी मशीनला वाऱ्याची सगळी मदत बंद होते.

तरी निराश होऊ नका, कारण या प्रोसेसरांची शेवटची शंभर-सव्वाशे वॉट भूक जवळपास वाया जाते. ७९५०एक्सला बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) ६५ वॉटचा इको मोड लावला की तो प्रत्यक्षात ८८ वॉटवर थांबतो आणि रेंडरिंगसारख्या सगळे कोअर वापरणाऱ्या कामातही मूळ वेगाच्या सुमारे ८० टक्के काम देतो. वीज निम्म्याहून कमी, काम चार-पंचमांश. एक रुपयाही न खर्चता होणारी एवढी मोठी सुधारणा दुसरी नाही, म्हणून काहीही विकत घेण्याआधी हे आजच्या तुमच्या मशीनवर करून पाहा. इंटेल असेल तर बायोसमध्ये पीएल१ आणि पीएल२ या विजेच्या दोन मर्यादा खाली आणा.

प्रोसेसर हा अर्धाच भाग झाला. फॅन गेला की मदरबोर्डवरचे व्हीआरएम (प्रोसेसरला योग्य व्होल्टेज देणारे भाग), रॅम आणि एनव्हीएमई एसएसडी (बोर्डावरच बसणारी वेगवान डिस्क) यांनाही वारा मिळेनासा होतो, आणि लोक नेमके इथे फसतात: प्रोसेसर ८० अंशांवर छान चाललेला, पण एसएसडी तापून मंद झालेली. एसएसडीला जाड हीटसिंक लावा, व्हीआरएमवर भरीव ॲल्युमिनियम असलेला बोर्ड घ्या. बोर्डावरच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं, तेव्हा ‘चालतंय ना’ एवढ्यावर समाधान मानू नका. फॅनलेस एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) मिळतात, सीसॉनिकचा तर ७०० वॉटचाही आहे; पण तो कॅबिनेटच्या तळाशी बसवला की त्याची उष्णता वर बोर्डावर चढते. कॅबिनेटचं छत आणि तळ जाळीचे हवेत, पाय उंच हवेत. ग्राफिक्स कार्डात फॅनलेस म्हणजे सध्या ७०-७५ वॉटचा वर्ग, पॅलिटचं काल्मएक्स आरटीएक्स ३०५० ६ जीबी वगैरे. व्हिडिओसाठी त्याहून मोठं कार्ड लागणार असेल तर पूर्ण फॅनलेसचा विचार सोडूनच द्या.

तुमच्या जागी मी काय करीन? एनएच-पी१सारखा मोठा हीटसिंक, इको मोड, जाळीचं कॅबिनेट, आणि एक किंवा दोन १४० मिलिमीटरचे फॅन, पण ७० अंशांखाली पूर्ण थांबणारे. हिशेब पाहा: रेकॉर्डिंगच्या वेळी प्रोसेसर तीस-चाळीस वॉट खातो, म्हणजे वरच्याच हिशेबाने फार तर २४ अंशांची वाढ. मे महिन्यातही ६६. फॅन फिरणारच नाही. रात्री रेंडर लावलं की फॅन सुरू होईल, तोही ५००-६०० आरपीएमवर. फॅनचा वेग निम्मा केला की आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो, त्यामुळे मोठा आणि संथ फॅन शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसालाही ऐकू येत नाही. फॅन घेताना मात्र एवढं विचारून घ्या की शून्य टक्के सिग्नलला तो खरंच थांबतो का. बरेच फॅन तेव्हाही किमान वेगाने फिरतच राहतात. तापमान ६९-७१ असं हेलकावत असेल तर फॅन सारखा चालू-बंद होतो आणि तो आवाज सलग घरघरीपेक्षा जास्त टोचतो, म्हणून बायोसमध्ये सुरू होण्याचा आणि थांबण्याचा विलंब वाढवून ठेवा.

माइक कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज पकडणारा, असेल तर त्याची पाठ कॅबिनेटकडे करा, मागून येणारा आवाज तो मुळातच फार कमी घेतो. अंतर दुप्पट केलं की आणखी सहा डेसिबल कमी. आणि भिंतीला भोक पाडायची घरच्यांची परवानगी असेल तर सगळ्यात खात्रीचा उपाय हाच: कॅबिनेट पलीकडच्या खोलीत, इकडे फक्त मॉनिटर, कीबोर्ड आणि ऑडिओ इंटरफेस. साधी यूएसबी २ केबल पाच मीटरपर्यंत चालते, त्याहून लांब हवी असेल तर ॲक्टिव्ह केबल घ्या. मग २३० वॉट खाणारा प्रोसेसरही बिनधास्त घ्या.

शेवटची गोष्ट कॉइल व्हाइनची. फॅन थांबले की आजवर झाकलेले आवाज वर येतात: ग्राफिक्स कार्डाच्या आणि एसएमपीएसच्या कॉइलची बारीक किणकिण, जुन्या हार्ड डिस्कचं गुणगुणणं, यूपीएसचा घूं. कॉइलचा आवाज एकाच मॉडेलच्या दोन नगांमध्येही वेगळा असतो आणि कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेला नसतो. तेव्हा बदलून देणाऱ्या दुकानातूनच घ्या, आणि पहिल्याच रात्री सगळे पंखे बंद करून, माइकचा गेन वाढवून, एक मिनिट नुसती खोली रेकॉर्ड करून ऐका. तुमचा सध्याचा प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि मे महिन्यातलं दुपारचं खोलीचं तापमान इथे लिहिलंत तर कोणत्या आकड्यावर वॉटची मर्यादा लावायची तेही सांगेन.